भिंतीलगतची ओळ

ब्वेनोस आयरेस, १४ ऑक्टोबर १९९६

आदरणीय श्री. वेंडल,

आपली माझी ओळख नाही. विंटरलोहेच्या गावकचेरीला मी पत्र लिहिलं होतं. तिथून उत्तर आलं की टेकडीवरच्या ज्यू दफनभूमीबद्दल काही हवं असेल तर निवृत्त शिक्षक हार्टमुट वेंडल यांना विचारा, त्यांना तिथला दगड न् दगड नावानिशी ठाऊक आहे. म्हणून हा उपद्रव.

माझे वडील लुडविग ओटनहाइमर तुमच्याच गावात जन्मले. त्यांची आई क्लारा १९३२ साली वल्हांडणाच्या सणाआधी, एप्रिलमध्ये, वारली, तेव्हा त्यांना पाचवं वर्ष पूर्ण व्हायचं होतं. नवव्या वर्षी ते आपल्या वडिलांबरोबर इथे आले आणि इथले लुइस झाले. रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवलं, माझ्या आईशी लग्न केलं, मला वाढवलं. घरात आम्ही जर्मन बोलत असू, पण जर्मनीबद्दल कधीच नाही.

ऑगस्टमध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. इस्पितळातून घरी आणल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "आईचा दगड उभा असेल का गं अजून?" माझ्या चाळीस वर्षांत या माणसाने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. येत्या जूनमध्ये ते सत्तर पूर्ण करतील, आणि डॉक्टर वाढदिवसाचा विषय टाळतात. ते आहेत तोवर मला हे उत्तर हवं आहे. एवढं पाहाल का?

आपली,
मिर्ता ओटनहाइमर


विंटरलोहे, ३ नोव्हेंबर १९९६

आदरणीय श्रीमती ओटनहाइमर,

उपद्रव हा शब्द कृपया मागे घ्यावा. या दफनभूमीबद्दल मला कोणी प्रश्न विचारला की माझी पत्नी निमूटपणे कॉफीचे मोठे भांडे चुलीवर ठेवते. बैठक लांबणार हे तिला ठाऊक असते.

उत्तर देण्यापूर्वी मी ते कसे शोधले हे सांगणे आवश्यक आहे, कारण रीत न सांगता दिलेले उत्तर म्हणजे केवळ मत. आमच्या टेकडीवर द्राक्षमळ्यांच्या वरच्या अंगाला ही दफनभूमी आहे. आजूबाजूच्या गावांतील ज्यू लोक तीनशे वर्षे आपले मृत येथेच आणत. येथे माणसे कुळानुसार निजलेली नाहीत, काळानुसार निजली आहेत. ज्या क्रमाने मरण आले त्या क्रमाने जागा मिळाली. त्यामुळे पती-पत्नी क्वचितच शेजारी आढळतात. मात्र सावकार आणि भिकारी हमखास आढळतात. या मातीत एकदा ठेवलेल्या माणसाला पुन्हा कोणी हलवत नाही, त्याची जागा दुसऱ्याला देत नाही. ती त्याची, कायमची.

हा क्रम कळला की दफनभूमी पुस्तकासारखी वाचता येते. दगडाच्या माथ्यावर 'येथे विसावला आहे' या अर्थाची दोन अक्षरे असतात, पायाशी पाच अक्षरांत प्रार्थना असते की हा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधला जावो. आणि मधल्या ओळींत माणूस. आमच्याकडचा तांबडा वालुकाश्म पावसाने पापुद्र्यांसारखा सुटतो, म्हणून मी सकाळच्या तिरप्या उन्हात वाचतो. तेव्हा विरलेले अक्षरही आपली सावली टाकते. हिब्रू मी साठीनंतर वुर्झबुर्गच्या सायंवर्गात शिकलो. वर्गात सर्वांत वयस्कर मीच होतो, आणि सर्वांत जास्त चुकाही माझ्याच.

एक चमत्कारिक बाबही नोंदवतो. पुरोहित कुळातील पुरुषांच्या दगडावर आशीर्वाद देणारे दोन पंजे कोरण्याची प्रथा आहे. शेजारच्या दफनभूमीत असे पंजे पुष्कळ आहेत. आमच्याकडे एकही नाही. कारण मला अद्याप उमगलेले नाही. पण हे विषयांतर झाले.

आता उत्तर. १९३२ ची ओळ पूर्ण आणि शाबूत आहे. फेब्रुवारीत वारलेल्या एका गुरांच्या व्यापाऱ्याच्या खांद्याला लागून जूनमध्ये वारलेल्या बेकरीवाल्याच्या विधवेचा दगड आहे. मध्ये जागा नाही, पडलेला दगड नाही. तेव्हा मला खेदाने असा निष्कर्ष काढावा लागतो की आपल्या आजीचे दफन येथे झालेले नाही. वडिलांच्या स्मरणात दोन गावांची गल्लत झाली असावी. पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ते स्वाभाविकच आहे.

आपला नम्र,
हार्टमुट वेंडल


ब्वेनोस आयरेस, २८ नोव्हेंबर १९९६

आदरणीय श्री. वेंडल,

तुमचं पत्र पापांना वाचून दाखवलं. शेवटचा परिच्छेद गाळून टाकावा असं मनात आलं होतं, पण ते माझ्या तोंडाकडेच बघत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "मास्तरला सांग, मी तिला पाहिलंय. बापाच्या खांद्यावर बसून." आणि रेडिओचा आवाज वाढवला. तेव्हापासून जेवणही अर्धंच राहतं.

खांद्यावर बसून माणूस जत्रा बघतो, मिरवणूक बघतो. आईची कबर खांद्यावरून कोण बघतं? तेव्हा तुमचंच खरं असेल, त्यांची गल्लत झाली असेल. तरीही मला तुमचा राग आला. मी दंतवैद्य आहे. मूळ दिसत नाही म्हणून ते नाही असं मी रोग्याला सांगितलं असतं तर माझं दुकान केव्हाच बंद झालं असतं.

आणि रागात आहे तोवर हेही विचारून घेते. एका जर्मन मास्तरला म्हातारपणी हिब्रू शिकून आमचे दगड वाचायची हौस का यावी? त्या काळात तुम्ही कुठे होता?

खरं तर माझा निम्मा राग पापांवरच आहे. ज्या आईला ते नीट ओळखतही नव्हते तिच्या दगडासाठी जीव टाकतात, आणि माझी आई एल्सा, जिच्याबरोबर पस्तीस वर्षं संसार केला, तिच्या कबरीकडे फिरकत नाहीत. पुरताना होते, शेवटचं फावडं पडेपर्यंत उभे होते. त्यानंतर कधीही नाही. दर ऑगस्टला तिच्या दिवशी मी त्यांना गाडीतून नेते. ते दारापर्यंत येतात आणि तिथेच बसून राहतात. काच खाली करून माझ्या हातात एक खडा देतात, तिच्या दगडावर ठेवायला. दुसऱ्याच्या हाताने नमस्कार! मी परत येते तेव्हा हे गृहस्थ निवांत संत्री सोलून खात असतात. गेल्या वर्षी मी म्हणाले, पापा, पन्नास पावलं चालायला काय होतं? तर म्हणाले, "तू जा. मला इथूनच बरं." त्यांच्याशी महिनाभर नीट बोलले नाही.

तुम्हाला हे का सांगितलं कोण जाणे. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं.

मिर्ता


विंटरलोहे, २ जानेवारी १९९७

आदरणीय श्रीमती मिर्ता,

आपले पत्र मी नाताळाच्या सुट्टीत इतक्या वेळा वाचले की पत्नीने विचारले, "कोण आहे ही बाई, ज्यामुळे तुझ्या ताटातला हंस थंड होतोय?" प्रथम आपल्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण ते टाळण्याजोगे नाही.

मी १९३० चा. त्या काळात दुसऱ्या गावी शाळेत होतो आणि जे शिकवले जाई ते शिकत होतो. पुढे शिक्षक होऊन येथे आलो. एकदा भूगोलाच्या तासाला वर्गाला टेकडीवर नेले असता एका मुलीने भिंतीकडे बोट दाखवून विचारले, पलीकडे कोण आहे? मी म्हणालो, ते आपल्या अभ्यासक्रमात नाही. निवृत्तीनंतर तो धडा घ्यायला बसलो आहे. याहून थोर कारण माझ्याकडे नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो. दंतवैद्य म्हणून आपण दिलेला टोला अचूक बसला. मी ओळ तपासली, परंतु ओळीबाहेर पाहिले नाही. आपण रागाने लिहिलेल्या चार वाक्यांत उत्तर दडलेले होते, आणि ते आपल्यालाच ठाऊक नव्हते. क्रमाने सांगतो.

ज्यू लोकांत एक पुरोहित कुळ आहे, कोहेन. प्राचीन मंदिरातील सेवा त्यांच्याकडे होती. मंदिर जाऊन दोन हजार वर्षे होत आली, तरी त्या कुळातील पुरुषाला मृताचा विटाळ चालत नाही, म्हणून तो दफनभूमीत पाऊल टाकत नाही. अपवाद फक्त अगदी जवळच्या माणसांचा: आई, वडील, पत्नी, मूल, भावंड. त्यांच्या दफनाला तो जातो. त्याने जावे असेच शास्त्र आहे. एकदा माती पडली की मात्र दार पुन्हा बंद. मग तो आयुष्यभर बाहेरूनच पाहतो.

पत्नीच्या दफनाला शेवटच्या फावड्यापर्यंत उभा राहिलेला आणि त्यानंतर दारातच थांबणारा मनुष्य. बाई, हे निष्ठुराचे लक्षण वाटते खरे. मला ते आता दुसऱ्याच कशाचे तरी वाटते आहे.

आणि तसे असेल, तर पुढचे सगळे आपोआप जुळते. कोहेन कुळातील मृतांना कित्येक ठिकाणी काळाच्या ओळीत ठेवत नसत, तर कडेला, भिंतीलगत ठेवत. हेतू हा की त्यांच्या माणसांना बाहेरच्या वाटेवरून निदान दगड तरी दिसावा. ज्यूंच्या नववर्षाच्या आधी कबरीला भेट देण्याची रीत आहे. त्या दिवशी एक बाप वाटेवर उभा राहतो, भिंत मुलाच्या उंचीहून अधिक आहे, म्हणून तो मुलाला खांद्यावर घेतो आणि सांगतो, ती बघ. वडिलांच्या स्मरणात गल्लत नव्हती. गल्लत माझ्या नकाशात होती.

पंजे कोरलेला एकही दगड आमच्याकडे का नाही, हे कोडे मी इतकी वर्षे सांभाळून आहे. आता सांगतो: वाटेच्या बाजूच्या भिंतीला आतून मनगटाएवढ्या खोडांची आयव्हीची वेल आहे. मी तिला भिंतच समजत आलो.

आपण वडिलांना फक्त एक गोष्ट विचारावी: ते कोहेन आहेत का? आणि लवकर विचारावी. मार्च लागला की घरट्यांमुळे वेलीला कात्री लावण्यास कायद्याने मनाई आहे. ती शरद ऋतूपर्यंत उठत नाही. कापण्याच्या परवानगीसाठी मी राज्यातील ज्यू संघटनेकडे आजच अर्ज टाकतो.

आपला,
हार्टमुट वेंडल


ब्वेनोस आयरेस, २१ जानेवारी १९९७

प्रिय मास्तर,

(पापा तुम्हाला असंच म्हणतात. आता मीही.)

इथे उन्हाळा डोक्यावर आहे. तुमचं पत्र आलं तेव्हा पापा गॅलरीत बनियनवर बसून कुणाचा तरी जुना रेडिओ उघडत होते. मी सरळच विचारलं, पापा, तुम्ही कोहेन आहात का?

त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. म्हणाले, "म्हणजे काय? ठाऊक नव्हतं तुला?"

मी म्हणाले, तुम्ही सांगितल्याशिवाय कसं ठाऊक असणार. त्यावर ते जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. "काय सांगणार होतो? शनिवारी दुकान उघडतो, डुकराचं सॉसेज खातो, देवळात तुझ्या लग्नानंतर गेलेलो नाही. असल्या माणसाने पोरीला सांगायचं, की मी पुरोहित आहे? हसली असतीस." मग स्क्रूड्रायव्हर पुन्हा उचलून म्हणाले, "बाकी सगळं सुटलं माझ्याकडून. बापाने बोटीवर एवढंच मागितलं होतं, हे सोडू नकोस. एवढं एक धरून ठेवलंय."

मास्तर, आईच्या कबरीवर मी दर वर्षी ठेवते तो खडा ते कुठून आणत, हे मी कधी विचारलंच नव्हतं. आज विचारलं. लग्नाआधी दोघं ज्या नदीकाठी फिरायचे तिथे एक दिवस आधी बसने जाऊन निवडून आणतात. पाण्याने गुळगुळीत झालेलाच हवा असतो त्यांना. आणि मी म्हणत होते, दुसऱ्याच्या हाताने नमस्कार.

मग मी तुमची आयव्हीची गोष्ट सांगितली. ते ऐकताना रेडिओचे स्क्रू पुन्हा पुन्हा मोजत होते. शेवटी म्हणाले, वाटेच्या त्या अंगाला उतार होता, खाली मळा, आणि बापाच्या टोपीला तंबाखूचा वास यायचा. बस, एवढंच. पण रात्री पूर्ण ताट जेवले.

कात्री चालवा, मास्तर. फेब्रुवारी छोटा असतो.

मिर्ता


विंटरलोहे, २६ फेब्रुवारी १९९७

प्रिय मिर्ताबाई,

क्लारा ओटनहाइमर सापडल्या.

आता सविस्तर लिहितो. परवानगी मागच्या आठवड्यात आली, दोन अटींसह: मुळे उपटायची नाहीत आणि जमीन खणायची नाही, कारण निजलेल्यांची झोप मोडता कामा नये. अगदी योग्य अटी. मी वेल बोटाएवढ्या तुकड्यांनी कापत गेलो. खालच्या मळ्याच्या मालकीण अनेलोरे शिक मदतीला आल्या. द्राक्षवेली छाटण्यात त्यांचा हात असा चालतो की मी केवळ फांद्या वाहून नेण्याच्या लायकीचा उरलो, आणि तसे त्यांनी मला सांगितलेही.

वेलीमागे एक संपूर्ण ओळ उभी आहे. पहिल्याच दगडावर दोन पंजे: अंगठे जुळलेले, बोटे दोन-दोन करून फाकलेली. मी वाहायच्या फांद्या तशाच हातात धरून उभा होतो. शिकबाई म्हणाल्या, "मास्तर, रडायचं असेल तर बाजूला व्हा, मला फांदी ओढायची आहे."

आपल्या आजींचा दगड भिंतीला टेकून उभा आहे, किंचित कललेला. वेलीने त्याला पावसापासून झाकले, म्हणून अक्षरे काल कोरल्यासारखी धारदार आहेत. जिला मी अडथळा समजत होतो तिनेच हा दगड राखला. मजकूर असा: 'येथे विसावली आहे क्लारा, कोहेन कुळातील योसेफ यांची पत्नी. हिच्या दारातून कोणी उपाशी परतले नाही. हिचे दिवस थोडे होते आणि हिचे हसू पुष्कळ.' दगडावर हसण्याचा उल्लेख मला आजवर कोठेही आढळला नव्हता. बापाने आपला मुलगा मोठा होऊन हे वाचेल असे धरून ते कोरवून घेतले असावे, असे मला वाटते. हे मात्र मत आहे, निष्कर्ष नव्हे.

एक अडचण आहे. युद्धानंतर कोणी टवाळांनी दगड पाडले, तेव्हा गावाने भिंत सिमेंटच्या विटांनी वाढवली. हेतू चांगला होता. परंतु आता वाटेवरून उंच माणसालाही आतले काही दिसत नाही. ज्यासाठी ही ओळ भिंतीलगत मांडली होती, नेमके तेच बंद झाले. दगडाचा फोटो सोबत आहे. पण बाहेरून पाहण्याची रीत आणि फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी आता शिकलो आहे. वडील येऊ शकतील का?

आपला,
हार्टमुट वेंडल


ब्वेनोस आयरेस, ९ एप्रिल १९९७

प्रिय मास्तर,

फोटो पापांच्या उशाशी आहे. डॉक्टर म्हणतात, प्रवास झेपेल. पापा म्हणतात, झेपणार नाही. भांडण चालू आहे. ते आतापर्यंत म्हणाले: एवढं लांब जाऊन सिमेंटची भिंत बघायची? मग: त्या देशात मी पाऊल ठेवणार नाही. मग: कोटाला बटणं नाहीत. बटणांवर आले, म्हणजे येतील.

भिंतीवर उपाय म्हणून शिकबाई आपली द्राक्षांची गाडी ट्रॅक्टरला जोडून वाटेवर उभी करणार आणि पापांना त्यावर चढवणार, हे तुमच्या नंतरच्या चिठ्ठीत वाचून मात्र ते भडकले. "मी काय बटाट्याचं पोतं आहे?" त्यांना सांगा, दुसरा काही उपाय शोधा.

मिर्ता


विंटरलोहे, २० एप्रिल १९९७

प्रिय मिर्ताबाई,

निरोप पोहोचवला. शिकबाईंचे उत्तर असे: "त्या गाडीवरून मी अख्खं बँडपथक नेलंय. एक पुरोहित अवजड ट्यूबा वाजवणाऱ्यापेक्षा नक्कीच हलका असेल. आणि पोत्याला मी खुर्ची देत नाही, त्यांना देईन." उशी भरतकामाची असेल, असेही कळवण्यास सांगितले आहे.

आपला,
हार्टमुट वेंडल


ब्वेनोस आयरेस, १७ ऑगस्ट १९९७

प्रिय वेंडल मास्तर,

हे पत्र मी स्वतः लिहितो आहे. माझं लिहायचं जर्मन नऊ वर्षांच्या मुलाचं आहे. पुढचे धडे राहिले. लाल शाईने सुधारायचं तर खुशाल सुधारा.

जूनमध्ये तुम्ही सगळे त्या वाटेवर होतात, म्हणून काय घडलं ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही पाहिलंत की मी गाडीवर चढताना कुरकुरलो, खुर्चीत बसलो, मग उभा राहिलो, आणि बराच वेळ भिंतीपलीकडे बघत राहिलो. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा दगड वाचतो आहे. वाचून तर पहिल्या नजरेतच झालं होतं. मी वास शोधत होतो. टोपीच्या तंबाखूचा. तो काही आला नाही, शिकबाईंच्या ट्रॅक्टरचा धूर तेवढा आला. पण उंची तीच होती, मास्तर. बापाच्या खांद्यावरून आई दिसायची तेवढ्याच उंचीवरून दिसली.

खडा मी भिंतीच्या माथ्यावर ठेवला, कारण त्यापुढे माझा हात जायचा नाही. तुम्ही लिहिता की आता शाळेतली मुलं टेकडीवर येतात तेव्हा तीही तिथे एकेक खडा ठेवतात, आणि गावपंचायत भिंतीच्या त्या भागातल्या विटा उतरवून तिथे जाळी बसवणार आहे. बसवा. पण खडे ठेवायला भिंतीला सपाट माथा तेवढा राहू द्या.

आता जे सांगायला हे पत्र लिहिलं ते. परवा एल्साचा दिवस होता. मिर्ताने गाडी दाराशी लावली. या वेळी ती लगेच उतरली नाही. माझ्या शेजारी बसली, माझ्या पिशवीतलं संत्रं घेऊन सोललं, अर्धं मला दिलं. मग म्हणाली, "पापा, तुमच्यासाठी कडेची जागा घेऊन ठेवू का? वाटेलगत, तुमच्या आईसारखी?"

मी म्हणालो, "कशाला? कडेची जागा बाहेर थांबणाऱ्यांसाठी असते. हे कुळ बापाकडून मुलाकडे जातं. मला मुलगा नाही, तू आहेस. तुला दारात कोणी अडवत नाही. माझ्यामागे बाहेर थांबणारं कोणी उरत नाही, म्हणून मला मधोमध ठेव, एल्साच्या शेजारी. तू अगदी दगडापर्यंत ये."

तिने खडा घेतला आणि आत गेली. वळून वळून माझ्याकडे बघत होती, आणि हसत होती. क्लारासारखी हसते, असं आता म्हणता येईल; दगडावर लिहिलेलंच आहे.

आठ वर्षं मी त्या दाराशी बसतो आहे, मास्तर. एक दिवस आत जाईन, आणि त्या दिवशी मलाही कोणी अडवणार नाही. पण घाई नाही. संत्र्यांचा हंगाम अजून संपलेला नाही.

तुमचा,
लुडविग ओटनहाइमर